‘डेटा व्यवस्थित पोहोचला’ : टीएसबी बँकेचा अहवाल कसा वाचावा

डेटा मायग्रेशनवर संशोधन करायचं ठरवलंत की ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं नाव कधी ना कधी समोर येतंच. बऱ्याचदा त्यावर चारच ओळी असतात: २०१८ मध्ये बँकेने ग्राहकांचा डेटा जुन्या सिस्टीमवरून नव्या सिस्टीमवर हलवला, लाखो लोक अडकले, बँकेला दंड झाला. मग लेखक पुढच्या उदाहरणाकडे वळतो. या चार ओळी वाचून आपला असा समज होतो की हलवताना डेटा हरवला किंवा बिघडला असणार.

आता गंमत बघा. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या दोन नियामक संस्थांनी टीएसबीला मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. त्याच निर्णयात त्यांनी नोंदवलंय की डेटा यशस्वीपणे हलवला गेला होता, पण नवा प्लॅटफॉर्म लगेचच कोलमडला. म्हणजे डेटा नीट पोहोचला, तरीही मायग्रेशन फसलं. पीएच.डी.ला बसणाऱ्या विद्यार्थ्याने इथेच थांबून विचारायला हवं: मग मायग्रेशन ‘यशस्वी’ झालं असं नेमकं कशाला म्हणायचं?

या प्रश्नासाठी वाचण्यासारखा मोठा दस्तऐवज म्हणजे ‘स्लॉटर अँड मे’ या लंडनच्या कायदेविषयक फर्मने केलेला चौकशी अहवाल. तो नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला. अडीचशेच्या वर पानं आहेत, पण भाषा सोपी आहे. आजच्या लेखात या अहवालाची चिकित्सा करू. त्यात घेण्यासारखं काय आहे, कुठे सावध राहायचं, आणि तुमच्या सिनॉप्सिसमध्ये त्याचा उपयोग कसा करायचा, एवढंच.

आधी घटना थोडक्यात

टीएसबी ही लॉइड्स बँकिंग ग्रुपमधून वेगळी काढलेली बँक. २००८ च्या आर्थिक संकटात लॉइड्सला सरकारी मदत मिळाली, आणि त्या मदतीमुळे युरोपियन कमिशनच्या अटीनुसार तिला काही शाखा वेगळ्या काढाव्या लागल्या. २०१३ मध्ये टीएसबी पुन्हा स्वतःच्या नावाने सुरू झाली, पण तिची खाती लॉइड्सच्याच सिस्टीमवर राहिली. घर वेगळं झालं तरी मीटर जुन्याच घराचं, तसं. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने टीएसबी विकत घेतली. साबादेलकडे ‘प्रोतेओ’ नावाचा स्वतःचा प्लॅटफॉर्म होता. त्याची ब्रिटनसाठी वेगळी आवृत्ती बनवायची आणि टीएसबीचा सगळा कारभार तिच्यावर न्यायचा असं ठरलं. हे काम साबादेलच्याच ‘साबिस’ या आयटी कंपनीकडे गेलं.

मूळ बेत नोव्हेंबर २०१७ चा होता. तो पुढे गेला. शेवटी २० एप्रिल २०१८ च्या शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झालं आणि रविवारी, २२ एप्रिलला नवी सिस्टीम ग्राहकांसाठी उघडली. बँकेचे ग्राहक ५२ लाख. त्यातल्या १९ लाखांपर्यंत ग्राहकांना लॉगिन करता येईना. मोबाईल ॲप, वेबसाईट, फोन, शाखा, सगळीकडे अडचणी. काहींना दुसऱ्याच माणसाच्या खात्याची माहिती दिसल्याच्या तक्रारी आल्या. गोंधळाचा फायदा घेऊन फसवणूक करणारेही पुढे सरसावले. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला. त्या वर्षात बँकेचा खर्च ३३ कोटी पौंडांनी वाढला आणि सुमारे ८० हजार ग्राहक दुसऱ्या बँकांकडे गेले. सीईओंना सप्टेंबरमध्येच पद सोडावं लागलं होतं.

हे आकडे लक्षात ठेवा, पण त्यामागची माणसंही विसरू नका. पगार जमा झालाय की नाही हे दिसत नाही, घरभाडं भरता येत नाही, दुकानदाराला कामगारांचे पैसे देता येत नाहीत. ‘डेटाबेसमध्ये रेकॉर्ड आहे’ याचा या माणसांना काय उपयोग?

अहवालात घेण्यासारखं काय आहे

पहिली गोष्ट, अहवाल निर्णयांचा क्रम मांडतो. कोणत्या महिन्यात कोणाला काय माहीत होतं, कोणत्या बैठकीत काय सांगितलं गेलं, आणि त्यावर काय ठरलं. मायग्रेशनवरच्या अनेक लेखांमध्ये हे सापडत नाही. तिथे ‘आधीची स्थिती’ आणि ‘नंतरची स्थिती’ असे दोन तक्ते असतात, आणि मधलं सगळं गायब. खरं घोडं पेंड खातं ते मधेच.

दुसरी गोष्ट, योजना कशी आखली गेली यावरची टीका. शेवटची तारीख आधी ठरवायची आणि मग मागे मागे येत कामं बसवायची, अशी ती योजना होती. तारीख पुढे ढकलली तेव्हाही हीच पद्धत राहिली. अहवाल म्हणतो की संचालक मंडळाने साधे, व्यवहारी प्रश्न विचारले नाहीत. काही कामं सात महिन्यांपर्यंत मागे पडलेली असताना नवी तारीख फक्त चार महिने पुढे कशी काय, हा त्यातलाच एक. हा प्रश्न विचारायला डेटाबेस यावा लागत नाही, वजाबाकी आली तरी पुरे. तुमच्या गाईडने तुमचं तीन वर्षांचं वेळापत्रक बघून हाच प्रश्न विचारला तर चिडू नका.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पुरावा आणि आश्वासन यातला फरक. साबिस तयार आहे याबद्दल जी लेखी पत्रं आली, त्यांचा अहवालाने बारकाईने समाचार घेतलाय. त्यातली बरीचशी वाक्यं ‘होईल’, ‘अपेक्षा आहे’ या प्रकारची होती. ‘झालं आहे, आम्ही तपासलं आहे, हा त्याचा निकाल’ या प्रकारची नव्हती. मंडळाने ती पुरावा म्हणून स्वीकारली. संशोधनात आपणही हे सर्रास करतो. ‘हे टूल डेटा टाइप आपोआप बदलतं’ असं टूलच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि आपण ते मेथडॉलॉजीत उतरवून मोकळे होतो. ते उत्पादकाचं आश्वासन आहे, तुमचं निरीक्षण नव्हे.

चौथी गोष्ट, टेस्टिंग. नवा प्लॅटफॉर्म दोन डेटा सेंटरांवर एकाच वेळी चालणार होता. पण भार किती झेपतो याची चाचणी दोनपैकी एकाच सेंटरवर झाली, आणि हे मंडळापर्यंत पोहोचलं नाही. दोन्ही सेंटर सारखीच आहेत असं धरून चाललं की दुसऱ्यात काही निराळं असेल तर ते कळायचा मार्गच उरत नाही. शिवाय ग्राहकांचा जवळजवळ सगळा भार एकाच वेळी हलवायचा ठरलं होतं. थोडे थोडे ग्राहक हलवले असते तर चूक लहान असतानाच दिसली असती, आणि मागे फिरायला वाट राहिली असती.

आता सावध कुठे राहायचं

इतकं कौतुक केल्यावर आता दुसरी बाजू. हा अहवाल म्हणजे शोधनिबंध नाही, आणि तो तसा वाचला तर फसगत होईल.

एक तर तो घडून गेल्यावर लिहिलाय. शेवट माहीत असला की मागच्या प्रत्येक निर्णयात धोक्याची घंटा ऐकू येते. सात महिने उशीर आणि चार महिने मुदतवाढ, हे आज वाचताना हास्यास्पद वाटतं. पण उशिरा चाललेले सगळेच प्रकल्प कोसळत नाहीत. काही जण धावपळ करून निभावतात, आणि अशांवर कोणी अडीचशे पानं लिहीत नाही. आपल्यासमोर फक्त फसलेला प्रकल्प आहे. तशाच वेळापत्रकाने निभावलेला प्रकल्प शेजारी ठेवल्याशिवाय ‘उलट्या योजनेमुळे मायग्रेशन फसतं’ असं कार्यकारण मांडता येत नाही. एका उदाहरणावरून गृहीतक तयार होतं, सिद्ध होत नाही. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘टीएसबीने सिद्ध केलं की...’ असं वाक्य दिसलं तर लाल पेनाने खूण करा, मग ते माझ्याच लेखातलं का असेना.

दुसरं, अहवाल कोणी कोणासाठी लिहिला? बँकेच्या संचालक मंडळाने नेमलेल्या कायदेविषयक फर्मने. म्हणून अहवाल वाईट ठरत नाही. उलट ज्यांनी नेमलं त्याच मंडळावर त्याने कडक टीका केलीये, ही जमेची बाजू. पण कायद्याचा माणूस जो प्रश्न विचारतो तो साधारण असा असतो: कोणाची जबाबदारी होती, कोणाला काय कळायला हवं होतं, कोणी काय विचारायला हवं होतं. आपला प्रश्न वेगळा असतो: बिघाड कसा पसरला, कोणत्या घटकातून कोणत्या घटकात, आणि आधी ओळखू आला असता तर कशावरून. अहवालात दुसऱ्या प्रश्नालाही थोडी जागा आहे, पण त्याची रचना पहिल्या प्रश्नाभोवती आहे. त्यामुळे त्यातून ‘गव्हर्नन्स’ हे कारण सर्वांत ठळक दिसतं. ते खरं असेलही. पण जिथे दिवा लावला तिथेच वस्तू सापडते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी मर्यादा अहवालापेक्षा त्याच्या वाचकांची आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच मोठी. ‘डेटा यशस्वीपणे हलला’ हे वाक्य आपण जसंच्या तसं स्वीकारतो. यशस्वी म्हणजे काय? सगळे रेकॉर्ड आले? बेरजा जुळल्या? की प्रत्येक रेकॉर्डचा अर्थ तोच राहिला? बँकेत शिल्लक रकमेची बेरीज जुळवून बघता येते, हिशेबाची ती शिस्त जुनी आहे. तुमच्या संशोधनातल्या डेटाला अशी बेरीज असेलच असं नाही. म्हणून हा भाग जरा खोलात जाऊन बघू.

ओळी जुळल्या, अर्थ बदलला

समजा तुमच्याकडे ओरॅकलमध्ये असलेला डेटा आहे आणि तो पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये न्यायचा आहे. दोन्ही रिलेशनल, दोन्हीत एसक्यूएल. सगळं हलवलं, दोन्हीकडच्या ओळी मोजल्या, आकडा जुळला. झालं का काम?

ओरॅकलमध्ये अक्षरांच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग टाकली तर ती ‘नल’ समजली जाते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन कॉलम घ्या. काहींनी वडिलांचं नाव भरलेलं नाही, तिथे नल आहे. ओरॅकलमध्ये हे तीन कॉलम जोडले की नल असलेला भाग वगळला जातो आणि नाव-आडनाव दिसतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जोडणीच्या त्याच चिन्हाने जोडलंत तर एक भाग नल असला की सगळं उत्तरच नल. म्हणजे टेबलमध्ये माणूस आहे, यादीत त्याचं नाव कोरं. एकही ओळ हरवलेली नाही!

तारखेचंही तसंच. ओरॅकलच्या ‘डेट’ प्रकारात तारखेसोबत वेळही असते, सेकंदापर्यंत. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘डेट’ मध्ये फक्त तारीख. नाव तेच म्हणून प्रकारही तोच धरला, तर रुग्ण सकाळी दाखल झाला की रात्री, हे कायमचं पुसलं जातं. कशाचीही तक्रार न येता.

मायएसक्यूएलमधून येत असाल तर तिथे तुलना करताना सहसा इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर एकच मानलं जातं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ते वेगळं मानतात. ईमेल मोठ्या अक्षरात नोंदवलेल्या माणसाला कालपर्यंत लहान अक्षरात टाईप करून आत जाता येत होतं. आज ‘असा वापरकर्ता नाही’.

आणि डेटा मराठीत असेल तर आणखी एक. ‘ॲडव्होकेट’ मधला पहिला ‘ॲ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिलेला सापडतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि दुसरा ‘अ’ वर चंद्र देऊन. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसू शकतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी ते एक होत नाहीत. ‘ऱ’ चं मात्र होतं: ‘र’ खाली नुक्ता देऊन लिहिलेला आणि एकसंध लिहिलेला, दोन्ही प्रमाणीकरणानंतर एकच होतात. म्हणजे ‘आम्ही युनिकोड प्रमाणीकरण केलं आहे’ हे वाक्यही अर्धवट आश्वासनच ठरतं. जुन्या आणि नव्या स्रोतांतली नावं एकत्र आणताना एकच माणूस दोनदा मोजला जाऊ शकतो, आणि तुमच्या नमुन्याचा आकडा नकळत फुगतो.

शेवटचं उदाहरण टीएसबीची छोटी प्रतिकृती म्हणून बघा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जुने रेकॉर्ड त्यांच्या जुन्या क्रमांकांसह भरले, पण पुढचा क्रमांक देणारा ‘सीक्वेन्स’ पुढे सरकवला नाही. डेटा शंभर टक्के बरोबर. प्रत्येक ओळ, प्रत्येक किंमत. सोमवारी सकाळी पहिला नवा माणूस नोंदणी करायला येतो, सीक्वेन्स त्याला १ क्रमांक देतो, तो आधीच वापरलेला असतो, आणि नोंदणी नाकारली जाते. पोहोचलेला डेटा तपासून ही चूक कधीच सापडणार नाही. ती सापडते सिस्टीम वापरून बघितल्यावरच.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता या सगळ्याचा उपयोग काय करायचा?

एक, मायग्रेशनची तुलना फक्त वेगावर करू नका. ‘अमुक लाख रेकॉर्ड तमुक मिनिटांत’ हा तक्ता सोपा असतो, म्हणून सगळे तोच देतात. पण टीएसबीच्या ग्राहकांचा प्रश्न मिनिटांचा नव्हता.

दोन, यशाची व्याख्या डेटा हलवण्याच्या आधी लिहा आणि तिला तीन पायऱ्या द्या. रेकॉर्ड सगळे आले का? त्यांचा अर्थ तोच आहे का, म्हणजे जुन्या सिस्टीमवरचे महत्त्वाचे प्रश्न नव्या सिस्टीमला विचारल्यावर उत्तरं तीच येतात का? आणि नवी सिस्टीम रोजचं काम, खऱ्या भाराखाली, करते का? पहिल्या पायरीसाठी ओळी मोजणं पुरेसं आहे. दुसरीसाठी नेहमीच्या क्वेरींचा एक ठरलेला संच आधीच बनवून ठेवावा लागतो. तिसरीसाठी वापर करूनच बघावा लागतो. टीएसबीत पहिली पायरी गाठली, तिसरीवर पाय घसरला. दुसरीबद्दल अहवालाचे वाचक विचारतच नाहीत, आणि तुमच्या संशोधनाला जागा बहुधा तिथेच आहे.

तीन, व्याख्या आधी लिहिण्याचा आग्रह का? कारण नंतर लिहिली की जे झालं तेच यश ठरतं. घडून गेल्यावरच्या शहाणपणाबद्दल आपण अहवालाला बोल लावला. तोच दोष आपल्या प्रयोगात शिरू नये याचा दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही.

चार, हा अहवाल संदर्भ म्हणून वापरताना त्याच्याकडून काय घेताय ते स्पष्ट लिहा. घटनाक्रमासाठी तो भक्कम आहे. निर्णयप्रक्रियेबद्दल गृहीतक मांडायला उत्तम. तांत्रिक कार्यकारणासाठी अपुरा. डेटाच्या अचूकतेबद्दल त्याच्यावर विसंबू नका. एवढी तीन-चार वाक्यं तुमच्या रिव्ह्यूमध्ये आली तरी ‘टीएसबी बँकेचं मायग्रेशन अयशस्वी ठरलं’ या एका ओळीपेक्षा ती कितीतरी जड भरतील.

अहवाल मोठा आहे म्हणून टाळू नका. सुरुवातीचा सारांश वाचा, मग टेस्टिंग आणि साबिसच्या तयारीवरची प्रकरणं. वाचताना वही जवळ ठेवा आणि दोन रकाने करा: ‘झालं आहे’ आणि ‘होईल’. प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात जातं ते लिहीत जा. तासाभरात सवय लागेल. मग तेच दोन रकाने स्वतःच्या सिनॉप्सिसवर चालवून बघा. ‘होईल’ चा रकाना जिथे लांबतोय, तिथे व्हायवाच्या आधी काम करायला अजून वेळ आहे.